बायनरी ट्री उलटा करता आला म्हणजे इंजिनिअर झाला का?

जुना_कोडर: होमब्रू (मॅकवर सॉफ्टवेअर बसवायचं साधन) लिहिणाऱ्या मॅक्स हॉवेलला गूगलने २०१५ मध्ये नोकरीच्या मुलाखतीत नाकारलं, ते ट्विट आठवत असेल. तुमचे ९० टक्के इंजिनिअर माझंच सॉफ्टवेअर वापरतात, पण फळ्यावर बायनरी ट्री (डेटाची झाडासारखी रचना) उलटा करता आला नाही म्हणून मला वाटेला लावलं, असा त्याचा सूर होता. आजही तेच चाललंय. वर्षानुवर्षं पेमेंट सिस्टिम सांभाळलेला माणूस पोरं झोपल्यावर लीटकोड (मुलाखतीतल्या कोडिंग प्रश्नांच्या सरावाची साइट) घासत बसतो. कामावर काय लागतं? रात्री दोनला अलर्ट आला की लॉग चाळून कुठली क्वेरी अडकली ते शोधायचं. मॅनेजरला "या महिन्यात होणार नाही" हे तोंडावर सांगायचं. मुलाखतीत विचारतात काय, तर डायनॅमिक प्रोग्रॅमिंग! बंद करा हा प्रकार.

विनाटॅग: दादा, अजिबात पटलं नाही. आमचं कॉलेज नांदेडकडचं, मोठी कंपनी कॅम्पसला फिरकायचीही नाही. रेझ्युमेवर ना आयआयटी, ना सीओईपी, ना कुणाची ओळख. लीटकोडचे बरेचसे प्रश्न फुकटात आहेत आणि ते कुणाला आडनाव विचारत नाहीत. "अनुभव बघा" म्हणणारे शेवटी आधीच्या कंपनीचं नावच बघतात. हॉवेलकडे दाखवायला होमब्रू तरी होतं.

टेबलापलीकडची: मी मुलाखती घेते. परवा एकाला यादीतले दुबार आकडे शोधायला सांगितले. त्याने आधी विचारलं, "आकडे किती? मेमरीत मावतील?" माझं निम्मं काम तिथेच झालं. दुसऱ्याने पाठ केलेला कोड धडाधड उतरवला. "आता डेटा डिस्कवर आहे" म्हटल्यावर गप्प. म्हणजे प्रश्न तोच, विचारणारा कसा आहे त्यावर सगळं. (घाईत असलेले पॅनेलवाले फक्त उत्तर बघतात, हेही खरं.) कंपन्या नाकारण्याकडे झुकतात, कारण चुकीचा माणूस घेतला तर निस्तरायला महिने जातात, चांगला हुकला तर रांगेत दुसरा असतोच. गूगलचा तेव्हाचा एचआर प्रमुख लॅझ्लो बॉक याने २०१३ मध्ये विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील छापाची कोडी म्हणजे वेळेची नासाडी, असं जाहीर सांगितलं होतं. कोडी गेली, कोडिंग राहिलं.

जुना_कोडर: ताई, तुमच्यापर्यंत पोचतंय कोण? पहिल्या ऑनलाइन राउंडला समोर माणूसच नसतो. टेस्ट केस पास नाही तर घरी. शिवाय हल्ली एआय शेजारच्या खिडकीत उत्तर लिहून देतो. २०२५ मध्ये गूगलच्या पिचाईंनी निदान एक फेरी समोरासमोर घेऊ म्हटलं, ते उगाच नाही. त्यापेक्षा घरी करायला छोटं काम द्या, मग त्यावर तासभर बोला.

विनाटॅग: घरी काम म्हणजे फुकटात शनिवार-रविवार. आणि ते एआयने केलं नाही कशावरून?

टेबलापलीकडची: त्याच्याशी तासभर बोलल्यावर कळतं. पण एका जागेला शेकड्यांनी अर्ज येतात, प्रत्येकाला तासभर द्यायला माणसं आणायची कुठून?

सर्व्हिसवाला: चालू द्या. मला एचआर पहिल्याच फोनवर विचारते, "लास्ट वर्किंग डे कधी?" नोटीस नव्वद दिवसांची म्हटलं की फोन ठेवते. तुमच्या त्या झाडापर्यंत मी पोचतच नाही.

विनाटॅग: बायआउटचं, म्हणजे पैसे भरून नोटीस कमी करायचं, विचारलंस का? लेटरमध्ये कलम असतं बघ.

सर्व्हिसवाला: आहे ना. "कंपनीच्या मर्जीनुसार."