मदत हवी आहे: समोरच्या वाऱ्यात बेटकास्टरचा गुंता

मुंबईतल्या मढच्या खडकांवर बेटकास्टरने (लाइन गुंडाळलेला स्पूल कास्ट म्हणजे फेक करताना फिरतो, असा रील) मासे धरताना दुपारनंतर पश्चिमेचा वारा थेट तोंडावर येतो. १० ग्रॅमचा ल्यूर (नकली आमिष) हवेत मंदावतो, स्पूल मात्र त्याच वेगात फिरत राहतो आणि लाइनचा गुंता होतो. स्पिनिंग रीलचा स्पूल कास्ट करताना फिरतच नाही, त्यामुळे तिथे ही कटकट नाही; बेल (लाइन अडवणारी तारेची कडी) हाताने बंद करून लाइन ताणून घेतली की झालं. पण जिताडा मासा खडकात घुसायला लागला की रोखायला बेटकास्टरच बरा वाटतो.

सेटिंग असं: क्लच (स्पूल मोकळा करणारं बटण) सोडल्यावर ल्यूर सावकाश उतरतो आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबतो, इतपत टेन्शन नॉब आवळलेला. मॅग्नेटिक ब्रेक १० पैकी ७ वर. ३० पौंडी ब्रेड (विणलेली लाइन), स्पूलवर तिच्या खाली मोनोचं (एकपदरी लाइनचं) बॅकिंग. २० ग्रॅमचा ल्यूर सुरेख जातो, पाण्याला टेकण्याआधी अंगठा दाबला की पुरतं. १० ग्रॅमला ब्रेक ९ वर नेला तर गुंता थांबतो, पण अंतर पार मरतं.

जाणकारांनो, २० पौंडी ब्रेड घातली तर फरक पडेल, की ती ताणाखाली स्पूलमध्ये रुतेल? आडवा, खालून कास्ट करून ब्रेक ७ वरच निभावता का? की १५ ग्रॅमच्या खाली सरळ स्पिनिंगच वापरता?