‘एक्सपोर्ट’ला काय म्हणायचं? निर्यात, उतारा, की नुसतं ‘काढणं’

पाटीपेन्सिल

पाणलोटाची कामं करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी काम करते. बंधारे, समतल चर, रोपं, गावबैठका, सगळ्या कामांच्या नोंदी आम्ही रेडमाइनवर (कामांचा मागोवा ठेवायची वेबवरची प्रणाली) ठेवतो. महिन्याच्या शेवटी त्यातून तक्ता काढून देणगीदारांना पाठवायचा असतो. आजवर हे मी एकटीच करत होते. आता सहा कार्यकर्त्यांना शिकवायचंय, म्हणून चार पानी मराठी मार्गदर्शिका लिहायला घेतली आणि पहिल्याच शीर्षकावर अडकले.

काम तसं सोपं आहे. कामांची यादी उघडायची, फिल्टर लावायचे (कोणतं गाव, कोणती स्थिती, मुदत कधीपर्यंत), कोणते कॉलम हवेत ते निवडायचं, ही मांडणी नाव देऊन जतन करायची आणि यादीच्या तळाशी ‘सीएसव्ही’ (एक्सेलमध्ये उघडणारी, रकाने एखाद्या खुणेने तोडलेली साधी फाइल) लिहिलेलं असतं त्यावर टिचकी मारायची. पुढच्या महिन्यात जतन केलेली मांडणी उघडली की पुन्हा फक्त टिचकी.

याला मी पहिल्या खर्ड्यात शीर्षक दिलं होतं ‘विदा निर्यात अहवाल सिद्ध करणे’ (विदा म्हणजे डेटा). एका कार्यकर्त्याने ते वाचून विचारलं, “ताई, आपण काय आखाती देशात आंबा पाठवतोय का?” तेव्हा सुचवा. एक्सपोर्ट, रिपोर्ट, फिल्टर आणि फील्ड, निदान या चार शब्दांचं काहीतरी करायचं आहे.

फोडणीचा_भात

पंधरा वर्षं पुण्यात आयटीत आहे. आमच्या मजल्यावर सगळे मराठी, पण ‘निर्यात’ म्हणणारा एकही माणूस भेटलेला नाही. ‘एक्सेल काढ’, ‘डम्प घे’, ‘एक्सपोर्ट मार’. बटणावर इंग्रजीत एक्सपोर्ट लिहिलेलं असेल तर मार्गदर्शिकेतही ‘एक्सपोर्ट’च ठेवा. नाहीतर माणूस पडद्यावर ‘निर्यात’ शोधत बसेल. ‘विदा’ तर पहिल्यांदा कुठेतरी वाचला तेव्हा मला तो ‘विडा’चा मुद्रणदोष वाटला होता.

फील्डचं मात्र नक्की सांगतो: ‘क्षेत्र’ करू नका. एका फॉर्मवर ‘हे क्षेत्र अनिवार्य आहे’ असं वाचून आमच्या आईने तिथे जमिनीचं क्षेत्र भरलं होतं, हेक्टर-आरमध्ये.

दप्तरदार

महसूल खात्यात नोकरी झाली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो. संगणकातलं मला बेताचंच कळतं, पण तुम्ही जे वर्णन केलंत ते आम्ही आयुष्यभर केलं. त्याला आमच्याकडे ‘उतारा’ म्हणतात.

मूळ नोंदवही दप्तरातच राहते. तिच्यातल्या हव्या त्या गटाच्या नोंदी, ठरलेल्या नमुन्यात, त्या दिवशी जशा आहेत तशा उतरवून देतात, तो उतारा. सातबारा म्हणजे तरी काय, गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा एकाच कागदावर. निर्यातीत माल घरातून जातो. उताऱ्यात काही जात नाही, नोंद होती तिथेच असते.

आणि अहवाल वेगळा बरं का. उताऱ्यात लिहिणाऱ्याचं मत नसतं. अहवालात ‘असं झालं, कारण असं’ हे येतं. तिसरा गोषवारा: गावनिहाय किती कामं, किती पूर्ण, एकूण खर्च, म्हणजे बेरजा. आमचे साहेब ‘गोषवारा द्या’ म्हणाले आणि कोणी उताऱ्यांचा गठ्ठा नेऊन ठेवला, तर त्याचं काही खरं नसे.

पाटीपेन्सिल

दप्तरदारकाका, माझी अर्धी मार्गदर्शिका तुम्हीच लिहून दिलीत. खरंच तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि मी तिन्हींना ‘अहवाल’ म्हणत होते. सीएसव्ही मिळते तो उतारा, त्यावरून एक्सेलमध्ये बेरजा करते तो गोषवारा आणि देणगीदाराला दोन पानं लिहिते तो अहवाल.

गंमत म्हणजे कार्यकर्त्यांतल्या प्रत्येकाने कधी ना कधी तलाठ्याकडे खेटे घातलेले आहेत. ‘कामांचा उतारा काढा’ म्हटलं तर समजवावंच लागणार नाही.

अनुस्वार

‘उतारा’ला माझंही मत. फक्त त्याचे बाकीचे अर्थही लक्षात असू द्या: शाळेतला उतारा, विषावरचा उतारा, आणि अमावास्येला तिठ्यावर नारळ-लिंबू ठेवतात तोही उतारा. संदर्भाने निभावेल.

अहवाल, गोषवारा, तपशील, दप्तर, सगळे फारसी-अरबी वाटेने आलेले. ‘अहवाल’ मुळात ‘हाल’चं अनेकवचन, म्हणजे स्थिती, हालहवाल. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला त्यालाही साडेतीनशे वर्षं होत आली, आणि हे शब्द कचेरीतून हललेले नाहीत. तेव्हा ‘विदा’सारखा नवा शब्द जन्माला घालण्याआधी दप्तरातले जुने शब्द एकदा झटकून पाहावेत.

पण माझी खरी काळजी तुमच्या क्रियापदाची आहे. तुम्ही सगळे बिनधास्त ‘काढा’ लिहिताय. मराठीत आपण दाखला काढतो, फोटो काढतो, कर्ज काढतो, बँकेतून पैसे काढतो आणि भिंतीतला खिळाही काढतो. ‘उतारा काढा’ म्हणजे मिळवा. ‘खिळा काढा’ म्हणजे घालवा. मग ‘खर्चाचा रकाना काढा’ याचा अर्थ काय? तो यादीत आणायचा की यादीतून उडवायचा?

पाटीपेन्सिल

हे वाचून घाम फुटला, कारण हे घडून गेलंय. मार्चमध्ये मी सगळ्यांना निरोप पाठवला होता, ‘मागच्या वर्षीच्या याद्या आधी काढा, मग नवीन मांडणी करू.’ मला म्हणायचं होतं की सीएसव्ही उतरवून आपापल्या फोल्डरमध्ये ठेवा. एकाने जतन केलेल्या तीन मांडण्या पुसून टाकल्या. त्या सगळ्यांना दिसतील अशा ठेवलेल्या होत्या, त्यामुळे सगळ्यांच्याच गेल्या. नोंदींना धक्का लागला नाही, पण कोणता रकाना कोणत्या क्रमाने होता हे आठवून त्या पुन्हा बांधायला एक दुपार गेली. मी त्याच्यावर चिडले होते. आता वाटतं, त्याने माझं वाक्य अगदी नीट वाचलं होतं.

अनुस्वार

त्यावर उपाय मराठीतच आहे. ‘काढा’ एकटं सोडू नका, कडू लागतो! सहायक क्रियापद जोडा. ‘काढून घ्या’ म्हणजे आपल्याकडे आणा, ‘काढून टाका’ म्हणजे नाहीसं करा, ‘काढून ठेवा’ म्हणजे पुढे लागेल म्हणून बाजूला ठेवा. तुमचा मार्चचा निरोप ‘काढून ठेवा’ असा असता तर मांडण्या वाचल्या असत्या. रकान्यांसाठी ‘काढा’ अजिबात वापरू नका, ‘निवडा’ आणि ‘वगळा’ म्हणा.

फोडणीचा_भात

मान्य. ‘उतारा काढून घ्या’ आणि शेजारी बटणावरचं नाव देवनागरीत, असं करा. माझा विरोध मागे.

दोन तांत्रिक गोष्टी मार्गदर्शिकेत टाकाच. एक, रेडमाइनमध्ये उताऱ्यात किती कामं येतील यावर मर्यादा असते आणि कोणी बदलली नसेल तर ती 500 असते. पाचशे एकावं काम उताऱ्यात येतच नाही. सेटिंगमध्ये प्रशासकाला ती वाढवता येते. तोवर उताऱ्यात बरोबर 500 ओळी दिसल्या की शंका घ्यायची, एवढं शिकवा.

दुसरी, तास. ‘दीड तास’ लिहायचं तर 1.5 किंवा 1:30. आपल्याकडे घड्याळ डोक्यात ठेवून लोक 1.30 लिहितात. यंत्र ते 1.3 तास समजतं, म्हणजे 1 तास 18 मिनिटं. प्रत्येक नोंदीत 12 मिनिटं हवेत जातात आणि महिनाअखेरीस गोषवारा जुळत नाही. तसे आपले जुने शब्द दशांशाला सोयीचे आहेत: सव्वा म्हणजे 1.25, पावणेदोन म्हणजे 1.75. ‘पावणेदोन तास’ असं मनात म्हणून लिहिलं तर चुकायला नको.

ऱ्हाईनकाठी

जर्मनीतून लिहितोय. इथे दशांशचिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात, दीड म्हणजे 1,5. त्यामुळे सीएसव्हीत रकाने वेगळे करायला बहुधा अर्धविराम असतो. रेडमाइनमध्येही वापरणाऱ्याची भाषा जर्मन असेल तर उताऱ्यात अर्धविराम येतो. पुण्याहून आलेली फाइल मी इथे उघडली की अख्खी ओळ एकाच रकान्यात कोंबलेली दिसते. फाइल बिघडलेली नसते, रकाने तोडायची खूण वेगळी असते इतकंच. तुमचे देणगीदार युरोपात असतील तर लक्षात ठेवा. तारखाही 03/04 अशा देऊ नका, अमेरिकेत त्याचा 4 मार्च होतो. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस.

मराठी अक्षरांचं काय करता? गावांची नावं देवनागरीत असतील तर मजाच असते.

पाटीपेन्सिल

मजाच आहे! सुरुवातीला सगळी गावं प्रश्नचिन्हं होऊन आली. सीएसव्हीवर टिचकी मारल्यावर जी चौकट उघडते तिथे एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) निवडायचं असतं, तिथे यूटीएफ-8 करायचं हे फार उशिरा कळलं. कधी दुसऱ्या संस्थेची फाइल येते, तिच्यात प्रश्नचिन्हं नसतात, पण नुसता चिखल असतो: डोक्यावर तिरकी रेघ घेतलेला रोमन ए, मग चार पायांचं वर्तुळ, पुन्हा ए, पुन्हा वर्तुळ.

फोडणीचा_भात

हे दोन आजार वेगळे. प्रश्नचिन्हं म्हणजे अक्षरं उतरवतानाच गळली, त्या फाइलमध्ये ती आता नाहीत, उतारा पुन्हा काढून घ्या. चिखल म्हणजे अक्षरं शाबूत आहेत, एक्सेल ती चुकीच्या लिपीची समजून वाचतंय. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं एकेक अक्षर तीन बाइटांचं असतं, म्हणून एका अक्षराजागी तीन-तीन चिन्हं दिसतात. फाइल दोनदा टिचकी मारून न उघडता एक्सेलच्या डेटा टॅबमधून आत घ्या आणि तिथे 65001 हा यूटीएफ-8चा पर्याय निवडा.

अनुस्वार

फिल्टरचं राहिलं. ‘गाळणी’ म्हणाल तर चहा खाली पडतो तो हवा असतो, चोथा वर राहतो. चाळणीतून पीठ पडतं, कोंडा राहतो. पडद्यावर मात्र जे ‘राहतं’ ते हवं असतं, म्हणून दोन्ही शब्द जरा उलटे बसतात. ‘निवड’ म्हणा, ‘निवडीच्या अटी’. तांदूळ निवडल्यावर ताटात उरतात ते आपले. फील्डला ‘रकाना’ यावर तर कोणाचा वाद नसावा.

पाटीपेन्सिल

ठरलं. पान दोनचा खर्डा असा:

‘कामांची यादी उघडा. निवडीच्या अटी लावा: गाव, स्थिती, मुदत. हवे ते रकाने निवडा, नको ते वगळा. मांडणीला नाव देऊन ती जतन करा. तळाशी सीएसव्हीवर टिचकी मारा, एन्कोडिंग यूटीएफ-8 ठेवा आणि कामांचा उतारा काढून घ्या.’

एकच राहिलं. कार्यकर्ते उतारा एक्सेलमध्ये उघडतात, तिथेच ‘पूर्ण’ लिहितात, आणि मग रेडमाइनवर काम अजून अपूर्ण का दिसतं म्हणून फोन करतात. हे कसं लिहू?

दप्तरदार

अहो, सातबाऱ्याच्या उताऱ्यावर पेनाने नाव खोडून दुसरं लिहिलं म्हणून जमीन नावावर होते का? फेरफार घालावा लागतो, गाव नमुना सहामध्ये. तोच शब्द घ्या. ‘बदल करायचा असेल तर मूळ नोंदीत फेरफार करा, मग नवा उतारा काढून घ्या.’

आणि फाइलच्या नावात तारीख घाला. बिनतारखेचा उतारा आमच्या टेबलावर कोणी ठेवूनही घेत नसे.