वॅगा वॅगा येथे पाऊस नेमका कधी पडतो?

प्रश्न
येत्या मार्च महिन्यात आम्ही सिडनीहून न्यू साउथ वेल्समधील वॅगा वॅगा येथे राहायला जात आहोत. घराला पावसाच्या पाण्याची टाकी आहे आणि मागे भाजीपाल्यापुरती जागा आहे. सरासरीचे आकडे पाहिले, तर बाराही महिने साधारण ४० ते ६० मिलिमीटर पाऊस दिसतो. मग तेथे पावसाळा असा काही असतो का, आणि टाकीवर कितपत विसंबून राहावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
वेगळा पावसाळा नाही. मात्र आकडे सारखे दिसले, तरी त्या पावसाची जात सारखी नसते. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, नैर्ऋत्येकडून येणाऱ्या शीत आघाड्यांबरोबर (म्हणजे थंड हवेच्या पुढे सरकणाऱ्या कडांबरोबर) रिपरिप लागते आणि बाष्पीभवन कमी असल्यामुळे दहा मिलिमीटर पाऊसही जमिनीत मुरतो. जानेवारीत कमाल तापमान सरासरी ३२ अंशांच्या आसपास असते आणि काही दिवस ते चाळिशी ओलांडते. तेव्हा गडगडाटासह कोसळलेली मोठी सरसुद्धा दोन दिवसांत उडून जाते आणि वाफ्यातली माती पुन्हा भुकटी होते. म्हणूनच येथील शेतकरी शरद ऋतूतल्या (येथे मार्च ते मे) पहिल्या चांगल्या पावसाकडे डोळे लावून असतात, एप्रिल-मे महिन्यांत गहू व कॅनोला हे तेलबियांचे पीक पेरतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापणी करतात.

प्रतिसाद २
टाकीचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. वार्षिक सरासरी सुमारे ५७० मिलिमीटर धरली, तर १५० चौरस मीटर छपरावर ८५ हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी पडते. परंतु सरासरीवर विसंबणे मला धोक्याचे वाटते. इंडियन ओशन डायपोल, म्हणजे हिंद महासागराच्या पश्चिम व पूर्व भागांतील पाण्याच्या तापमानातला फरक, धन अवस्थेत असला, की सुमात्राजवळचा समुद्र थंड राहतो आणि वायव्येकडून ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागाकडे येणारे बाष्प घटते. २०१९ मध्ये असेच झाले आणि ते देशाच्या नोंदींतील सर्वांत उष्ण व सर्वांत कोरडे वर्ष ठरले. उलट २०२२ मध्ये डायपोल ऋण होता आणि जोडीला ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचा मध्य व पूर्व भाग थंड राहण्याची स्थिती; तेव्हा पाऊस भरपूर झाला. मार्च २०१२ मध्ये तर मरम्बिजी नदीच्या पुरामुळे शहराचा मध्यभाग रिकामा करावा लागला होता. तेथील बांध टिकला, नदीपलीकडचे नॉर्थ वॅगा मात्र पाण्याखाली गेले. घर नदीच्या कोणत्या बाजूला आहे, हेही पाहावे.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. टोमॅटोची रोपे सप्टेंबरमध्ये लावली तर चालतील का?

प्रतिसाद ३
मी ती चूक केली आहे. दुपारी ऊन उबदार होते, रात्री आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला. सकाळी गवतावर गोठलेल्या दवाचा पांढरा थर होता आणि रोपांची पाने उकडल्यासारखी काळी पडून लोंबत होती. हवामान केंद्राने २ अंश नोंदवले होते, परंतु तापमापक जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर असतो आणि जमिनीलगतची हवा त्याहून थंड असते. दक्षिणेकडचे जुने बागकाम करणारे मेलबर्न कपची शर्यत, म्हणजे नोव्हेंबरचा पहिला मंगळवार, उलटेपर्यंत टोमॅटो लावत नाहीत. वॅगात मी ऑक्टोबरच्या मध्यानंतर लावतो आणि तरीही जुन्या चादरी हाताशी ठेवतो.