फ्लॅट रॅक निवडताना केवळ वजन पाहू नये

अवजड यंत्र जहाजाने पाठवताना ते फ्लॅट रॅकवर, म्हणजे छत आणि बाजूच्या भिंती नसलेल्या कंटेनरवर, पाठवावे की सुटा माल म्हणून, म्हणजे कंटेनरविना थेट जहाजात, या प्रश्नाचे उत्तर केवळ एकूण वजनावरून ठरवू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. चाळीस फुटी फ्लॅट रॅक साधारण 40 टन पेलतो हे खरे. परंतु चार लहान पायांवर उभे असलेले 25 टनांचे यंत्र सारा भार मधल्या थोड्याशा जागेवर टाकते आणि तळ तेथेच वाकतो, म्हणून यंत्राखाली लांब पोलादी तुळया घालून तो भार दूरवर पसरवावा लागतो. गुरुत्वमध्य आणि उचलण्याच्या जागा यंत्रावरच ठळक रंगवाव्यात, कारण क्रेनचालकाच्या हाती आपला आराखडा नसतो. आधाराचे लाकूड आयएसपीएम 15 चा, म्हणजे कीडनाशाची प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय, शिक्का असलेलेच घ्यावे.

गंजाकडे मात्र फार दुर्लक्ष होते. नुसत्या ताडपत्रीखाली रात्रीच्या गारव्याने दव साचते आणि घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागांवर तांबूस ठिपके उमटतात. तेथे गंजरोधक लेप देऊन, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह यंत्र हवाबंद आवरणात गुंडाळावे आणि आवरणाला बोल्टांमुळे पडणारे प्रत्येक छिद्र नीट बुजवावे.