ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढू नका

एकांनी सुचवलंय की गिअरबॉक्स गेला तर गाडी न्यूट्रलला टाकून दोरीने ओढत न्यावी. मॅन्युअल असेल तर थोडं अंतर खपून जातं, पण ऑटोमॅटिकला हे मुळीच करू नका. आतला ऑइल पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत म्हणजे गिअरबॉक्स कोरडा घासतो.

आमचं बेळगाव-गोवा रस्त्यावरचा चोर्ला घाट उतरताना झालं. केरी गावाच्या अलीकडे अॅक्सिलरेटर दाबला की आरपीएम चढायचा, गाडी मात्र जागची हलेना. खाली वाकलो तर ओल्या रस्त्यावर लालसर तेलाचा माग. एक टेम्पोवाला थांबला, बोट लावून वास घेतला नि म्हणाला, "पात्रांव (म्हणजे मालक), इंजिन बंद कर." गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरचा पाइप फुटला होता. तिथेच थांबलो म्हणून गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटी वाचल्या.

त्यात रविवार, म्हणजे गोव्यात गॅरेजची शटरं खाली! इन्शुरन्सच्या हेल्पलाइनला 'फ्लॅटबेडच (अख्खी गाडी वर चढवून नेणारा सपाट ट्रक) पाठवा' असं तीनदा सांगावं लागलं, नाहीतर पुढची चाकं उचलायची की मागची यावर घोळ घालतात. फोर बाय फोर (इंजिन चारही चाकं फिरवतं अशी गाडी) असेल तर चारही चाकं वरच हवीत. आणि हो, कॉल करण्याआधी तेलाच्या मागाचा फोटो काढून ठेवा, मेकॅनिकला बरंच कळतं.