फ्लॅकमधला शास्त्रीय संगीताचा संग्रह गाडीत, आयफोनवर आणि यूएसबी स्पीकरवर कसा वाजवावा?

कृष्णाकाठ (सांगली)
नमस्कार मंडळी. शास्त्रीय आणि नाट्यसंगीताचा साधारण २२० जीबीचा संग्रह आहे. बहुतेक सीडीवरून उतरवलेल्या फ्लॅक फाइल (आवाजातलं काहीही न गळता आकार कमी केलेल्या), काही एम४ए, थोड्या जुन्या डब्ल्यूएमए. शिवाय ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून केलेल्या २४ बिट ९६ किलोहर्ट्झच्या फ्लॅक. वाजवायचं तीन ठिकाणी आहे: गाडीचा स्टिरिओ (पुस्तिकेत एमपी३, डब्ल्यूएमए आणि एएसी एवढंच दिलंय), आयफोन, आणि आईबाबांचा एफएम-यूएसबी स्पीकर. एम४ए फाइल गाडीत काही वाजतात, काही वाजत नाहीत. मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात. सगळं एकदाच ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० हजार बिट) एमपी३ मध्ये करून मूळ फाइल काढून टाकल्या तर चालेल का? संगणक विंडोजचा आहे.

जवारी_मिरज
मूळ फाइल काढू नका, हे आधी सांगतो. एमपी३ करताना जे गळतं ते परत येत नाही. उद्या दुसऱ्या उपकरणासाठी त्या एमपी३ वरून एएसी केलं की पुन्हा गळतं. फ्लॅकचा संच एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर, त्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, आणि प्रत्येक उपकरणासाठीची प्रत दर वेळी त्या मूळ संचावरूनच काढायची. उपकरणासाठीची प्रत पुसली गेली तरी बिघडत नाही.

आता आयफोन. तिथे रूपांतराची गरजच नाही. ॲपलचं म्युझिक ॲप फ्लॅक घेत नाही, पण व्हीएलसी किंवा फूबार२००० या प्लेअरची मोबाइल आवृत्ती फ्लॅक थेट वाजवते. म्युझिक ॲपच हवं असेल तर फ्लॅकचं अलॅक (ॲपलचा तसाच फॉरमॅट) करा. दोन्ही लॉसलेस, म्हणजे काही न गळणारे, असल्याने आवाजातला एक बिटही बदलत नाही. तरी साठवणीसाठी फ्लॅकच ठेवा. त्याच्या प्रत्येक फाइलमध्ये मूळ आवाजाची एमडी५ खूण (आवाजावरून काढलेला ओळखीचा आकडा) असते, त्यामुळे पाच वर्षांनी फाइल खराब झाली की नाही हे तपासता येतं. अलॅकमध्ये ती सोय नाही.

एम४ए चा घोळ असा की ते नुसतं डब्याचं नाव आहे. आत एएसी असेल किंवा अलॅक. मीडियाइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर घेऊन फाइल उघडा आणि ऑडिओ विभागातली फॉरमॅटची ओळ वाचा. एएसी असेल तर गाडीसाठी तशीच कॉपी करा. अलॅक असेल तर मूळ संचात फ्लॅक करून ठेवा आणि गाडीसाठी त्यातून एमपी३ काढा. डब्ल्यूएमए गाडी वाजवतेच, त्यांना हात लावू नका. त्यातल्या एखाद्या फाइलला कॉपी संरक्षण असेल तर ती रूपांतरित होणार नाही, सीडी असल्यास नव्याने उतरवणं हाच मार्ग.

गाडी आणि स्पीकरसाठी संगणकावर फूबार२००० आणि सोबत त्याचा फ्री एनकोडर पॅक टाका. फोल्डर ओढून आत सोडा, सगळ्या फाइल निवडा, उजवी क्लिक, कन्व्हर्ट, मग तीन टिंबांचा पर्याय. आउटपुट फॉरमॅटमध्ये लेम या एनकोडरचं एमपी३. गाडीसाठी व्ही० (बदलत्या बिटरेटची सर्वात वरची पातळी) पुरेसं आहे. त्याची सरासरी २४५ केबीपीएसच्या आसपास येते, म्हणजे तासाला साधारण ११० एमबी. स्टिरिओ गाण्याची वेळ चुकीची दाखवत असेल किंवा पुढे सरकवताना भलतीकडे उडी मारत असेल, तर त्याला बदलता बिटरेट झेपत नाही. अशा वेळी ३२० सीबीआर (स्थिर बिटरेट) करा, तासाला १४४ एमबी. स्वस्त स्पीकरसाठी थेट सीबीआरच बरं.

पेठनाका
जवारी यांच्याशी सहमत. पेन ड्राइव्हबद्दल थोडं. बहुतेक कार स्टिरिओ एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला ड्राइव्ह वाचतात, एक्सएफएटी अनेकांना कळत नाही. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीपेक्षा मोठ्या ड्राइव्हला एफएटी३२ चा पर्याय येत नाही. रूफस हे सॉफ्टवेअर वापरलं की ६४ जीबीलाही करता येतं. मात्र एका फोल्डरमध्ये किती फाइल आणि एकूण किती फोल्डर चालतात याची मर्यादा पुस्तिकेत असते, ती आधी पाहा.

क्रमाचा प्रश्न हमखास येणार. बरेच स्टिरिओ आणि जवळपास सगळे छोटे स्पीकर नावाप्रमाणे वाजवत नाहीत. ड्राइव्हच्या फोल्डर-सूचीत ज्या क्रमाने नोंदी झाल्या त्या क्रमाने वाजवतात. म्हणून बडा ख्याल आधी आणि आलाप नंतर असं होतं. फाइलच्या नावापुढे ०१, ०२ लावा, सगळं कॉपी झाल्यावर ड्राइव्हसॉर्ट (या नोंदी नावाप्रमाणे लावणारं सॉफ्टवेअर) चालवा, मग ड्राइव्ह काढा. नंतर एखादी फाइल वाढवली की पुन्हा चालवावं लागतं.

चौकोन दिसतात कारण स्टिरिओत देवनागरीचा फॉन्टच नाही. त्यावर इलाज नाही, गाडीच्या प्रतीत रोमन अक्षरं वापरा. पण चौकोनाऐवजी प्रश्नचिन्हं किंवा कचरा दिसत असेल तर दोष टॅगचा, म्हणजे फाइलमधल्या नावांच्या नोंदीचा असतो. एमपी३टॅग या सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये टॅगचा प्रकार आयडी३व्ही२.३ आणि अक्षरांसाठी यूटीएफ-१६ निवडून टॅग पुन्हा सेव्ह करा. २.४ जुन्या यंत्रांना वाचता येत नाही. नावात विसर्गचिन्हासारखा कोलन, प्रश्नचिन्ह किंवा दुहेरी अवतरणचिन्ह ठेवू नका, एफएटी३२ अशी नावं घेतच नाही. मुखपृष्ठाचं चित्र ५०० बाय ५०० पिक्सेलचं साधं जेपेग ठेवा. प्रोग्रेसिव्ह जेपेग अनेक स्टिरिओ दाखवत नाहीत.

जवारी_मिरज
आपल्या संगीतासाठी आणखी तीन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. सर्वसाधारण मार्गदर्शिकेत त्या सापडत नाहीत.

पहिली, जोड. पुष्कळ सीडींवर एकच सलग मैफल तीन-चार ट्रॅकमध्ये कापलेली असते, आलाप, विलंबित, द्रुत अशी. एमपी३ ची एक फ्रेम ११५२ सॅम्पलची, म्हणजे ४४.१ किलोहर्ट्झला सुमारे २६ मिलिसेकंदांची. एनकोडर सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता भरतो. ती किती भरली याची नोंद लेम फाइलमध्ये ठेवतो, पण गाडीचे स्टिरिओ बहुधा ती वाचत नाहीत. मग तानपुरा चालू असताना मध्येच खट्ट होतं, आणि जोड तालाच्या आवर्तनात असेल तर लय मोडते. उपाय सोपा आहे: फूबारमध्ये एका रागाचे ट्रॅक निवडून सर्व ट्रॅकची एकच आउटपुट फाइल करा. ५० मिनिटांची एक फाइल झाली तरी चालेल, राग अखंड राहिला पाहिजे.

दुसरी, तानपुरा. १२८ केबीपीएसला गायकाचा आवाज बरा वाटतो, पण जवारीतून (घोडीवर तारेला मिळणाऱ्या झंकारातून) उठणारे वरचे स्वरांश गढूळ होतात, पाण्याखालून आल्यासारखे डुलतात. भाषणाला किंवा कीर्तनाच्या निरूपणाला चालणारा बिटरेट इथे वापरू नका.

तिसरी, तबकड्या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या काळातली ध्वनिमुद्रणं मोनोच आहेत. दोन चॅनेलमध्ये फरक असतो तो फक्त खरखरीचा. रूपांतर करताना फूबारच्या डीएसपी (आवाजावरची प्रक्रिया) यादीत डाउनमिक्स टू मोनो लावलं की खरखर थोडी कमी होते आणि जागाही वाचते. आधी एक फाइल करून ऐका. उतरवताना एका चॅनेलची फेज उलटी लागली असेल तर बेरजेत गाणंच नाहीसं होतं. तसं झाल्यास ऑडॅसिटी या ध्वनी-संपादकात चॅनेल वेगळे करून जास्त स्वच्छ असलेला एकच ठेवा. ९६ किलोहर्ट्झचं ४८ करा, त्यासाठी रिसॅम्पलर लावा. एमपी३ ची कमाल मर्यादाच ४८ आहे.

कृष्णाकाठ (सांगली)
आभार दोघांचेही. एक राहिलं. तबकड्यांचा आवाज खूप बारीक आणि नाट्यपदांचा मोठा, गाडीत सतत बटण फिरवावं लागतं. आणि काही फ्लॅक बाहेरून आलेल्या आहेत, त्या अस्सल आहेत का कसं कळेल?

पेठनाका
आवाजासाठी रीप्लेगेन, म्हणजे फाइलचा आवाज मोजून समान पातळीवर आणणारी सोय. फूबारमध्ये आधी स्कॅन करा आणि ट्रॅक नव्हे, अल्बम हा पर्याय घ्या, नाहीतर आलाप आणि द्रुत एकाच पातळीवर येतील. गाडी हे टॅग वाचत नाही, म्हणून कन्व्हर्टच्या प्रोसेसिंग भागात गेन फाइलमध्येच लावा, क्लिपिंग टाळण्याच्या पर्यायासह. मूळ फ्लॅकमध्ये फक्त टॅग राहतात, आवाजाला धक्का लागत नाही.

अस्सलपणासाठी स्पेक या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडा. आलेख १६ किलोहर्ट्झला सरळ कापल्यासारखा दिसला तर ती बहुधा १२८ च्या एमपी३ वरून बनवलेली फ्लॅक आहे. तबकड्यांना ही कसोटी लावू नका. त्यांत इतक्या वर मुळात खरखरीशिवाय काही नसतं, आणि ती काढताना वरचा भाग कोणी मुद्दाम कापलेला असू शकतो.