'हिलरमन म्हणजे प्रेत घातलेलं गाईडबुक' म्हणे! (उत्तर द्यावंच लागलं)

वाळूतली_मांजर
परवा इथेच चौकोनी_चष्मा यांनी टोनी हिलरमन या अमेरिकन रहस्यकथाकारावर लिहिलं ते वाचून दोन दिवस गप्प बसले, पण आज राहवेना. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रहस्य पातळ, खुनी निम्म्यात ओळखू येतो, बाकी सगळं वाळवंट, ढग आणि रूट ६६ या जुन्या हायवेचा नॉस्टॅल्जिया, आणि वर एका गोऱ्या माणसाने नावाहो या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या देवाधर्मावर पोट भरलं. 'प्रेत घातलेलं गाईडबुक' हा शब्द त्यांचाच.

मी न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्कीत सहा वर्षं काढली. आमच्या घराजवळचा सेंट्रल अव्हेन्यू म्हणजेच जुना ६६, त्यावरून रोज दूध आणायला जायचे, त्यामुळे नॉस्टॅल्जियाचं मला सांगू नका. आता मुद्दा. अहो, त्या पुस्तकांत वाळवंट हीच केस आहे! साक्षीदार साठ मैलांवर, वायरलेसला रेंज नाही, पाऊस पडला की ओढ्यातला रस्ता वाहून गेला, आणि टायरच्या खुणा उद्याच्या वाऱ्यात पुसल्या जाणार म्हणून आजच बघायच्या. त्यातला नावाहो पोलिस अधिकारी लीपहॉर्न ऑफिसच्या भिंतीवर मोटर क्लबचा रस्त्यांचा नकाशा लावून त्यात रंगीत टाचण्या टोचतो. तुम्ही ज्याला गाईडबुक म्हणता ते त्याचं हत्यार आहे.

दुसरं म्हणजे नावाहोंची रीत: घराबाहेर गाडी थांबवून नुसतं बसून राहायचं, आतला माणूस दारात येईपर्यंत, दार वाजवायचं नाही. गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं नाही. आता अशा ठिकाणी खुनाचा तपास करून दाखवा बरं! विचारणार काय आणि कोणाला? साक्षीदार खोटं बोलत नसतो, तो मेलेल्याचं नाव घेत नसतो. हे लंडनच्या दिवाणखान्यात घडत नाही.

चौकोनी_चष्मा
माझ्यावर स्वतंत्र धागा, धन्य झालो. मी चार पुस्तकं वाचलीत, चारही विमानात, त्यामुळे मत बनवायचा हक्क आहे. वातावरण छान हे मी मान्य केलंच होतं, पण वातावरण म्हणजे रहस्य नव्हे. कोकणातला पाऊस छान लिहिला म्हणून खून कोणी केला याचं उत्तर मिळत नाही. आणि ६६ चं काय? तो रस्ता १९२६ साली जाहीर झाला, १९८५ ला अधिकृत यादीतून उडाला, आता टीशर्ट आणि चुंबक विकायला उरलाय.

फिरस्ता_७२
रस्त्याबद्दल हळू बोला, आम्ही २०१८ ला शिकागो ते सांता मोनिका अख्खा केलाय, ते २४४८ मैल आकडा ऐकायला बरा वाटतो पण प्रत्यक्षात निम्मा वेळ आय-४० या नव्या हायवेवरच जातो कारण जुना रस्ता मध्येच तुटतो, कुंपणाला जाऊन संपतो नाहीतर सर्व्हिस रोड होतो. सासूबाई बरोबर होत्या, मागच्या सीटवर मेतकूट, थालीपीठाची भाजणी आणि इलेक्ट्रिक शेगडी. एका मोटेलवाल्याने शेगडी बघून डिपॉझिट कापलं तो राग अजून गेला नाही (नाव सांगत नाही). पण न्यू मेक्सिकोतल्या गॅलपमध्ये नावाहोंचा फ्राय ब्रेड (मैद्याचा तळलेला) खाल्ला आणि सासूबाई म्हणाल्या, हा तर आपला भटुरा! इतकी खूश झाली बाई.

राधाकाकू
भटुरा कसा? भटुऱ्यात दही असतं, पीठ मुरवावं लागतं. ती आपली मैद्याची जाड पुरी झाली.

कुडाळकर
मूळ मुद्द्यावर: बाहेरच्याने आतलं लिहू नये याला माझा पूर्ण पाठिंबा. सिरियलमधली मालवणी ऐकून आमच्या आजीने टीव्ही बंद केला होता. पुण्यात एसीत बसून 'गे बाय माझे' लिहितात, दोन हेल काढले की झाली मालवणी. हिलरमननेही तेच केलं असणार.

वाळूतली_मांजर
@कुडाळकर, 'असणार'?? वाचलंय का एक तरी? माणूस ओक्लाहोमातल्या सेक्रेड हार्टचा, शेतकऱ्याचा मुलगा. मूळनिवासी मुलींसाठी असलेल्या शाळेत शिकला, कारण जवळ तीच शाळा. १९४५ साली युद्धात जखमी होऊन सुट्टीवर आला, तेलविहिरीचं सामान ट्रकमधून घेऊन नावाहो भागातल्या क्राउनपॉइंटकडे निघाला. तिथे घोड्यावरचे नावाहो दिसले, युद्धावरून परतलेल्या त्यांच्या मुलांसाठी शुद्धीचा विधी चालला होता. त्याची स्वतःची जखम ओली आणि समोर हे. तिथून १९७० च्या पहिल्या कादंबरीपर्यंत पंचवीस वर्षं! एसी कुठला आणि पुणं कुठलं.

आणि १९८७ मध्ये नावाहो नेशननेच त्याला 'दिनेंचा खास मित्र' म्हणून गौरवलं (दिने म्हणजे नावाहोच). एडगर या रहस्यकथांच्या पुरस्कारापेक्षा त्याला त्याचंच अप्रूप होतं.

चौकोनी_चष्मा
गौरव दिला म्हणजे सगळे खूश? सरकारने पुरस्कार दिला म्हणजे आपण गप्प बसतो का? रूप बदलणाऱ्या चेटक्यांबद्दल त्यांच्यात चारचौघांत बोलायचं नसतं आणि या गृहस्थाने तेच पुस्तकाच्या नावात घातलं. तिकडे त्यावर नाराजी आहेच. २०२२ पासून या पुस्तकांवर जी टीव्ही मालिका आली त्यातल्या नावाहो उच्चारांवरही लोक चिडलेच होते. कुडाळकरांच्या आजीसारखेच. बघा, आजी जागतिक निघाली.

कुडाळकर
आजीला मध्ये आणू नका. बाकी पॉइंट घेतला.

विहीर_कोरडी
इथे सगळे हिलरमनवर भांडतायत पण त्याचा गुरू विसरले. आर्थर अपफील्ड, इंग्लंडातून १९११ ला ऑस्ट्रेलियाला गेलेला. पश्चिम ऑस्ट्रेलियात सशांना अडवायचं जे हजारो किलोमीटरचं कुंपण आहे त्यावर नोकरी केली. त्याचा डिटेक्टिव्ह अर्धा आदिवासी, हिलरमनने याचं ऋण उघड मान्य केलंय. तर या अपफील्डला १९२९ मध्ये कथानक हवं होतं: वाळवंटात प्रेत असं नष्ट करायचं की काही उरता कामा नये. ओळखीच्या एकाने उपाय सांगितला, जाळायचं, राख चाळून धातूचे तुकडे काढायचे, हाडं कुटायची वगैरे. या चर्चेच्या गोतावळ्यातल्या एकाने, स्नोई रोल्सने, पुस्तक बाजारात यायच्या आत हा उपाय खराच वापरला! तीन माणसं गायब. एका अंगठीवरून सापडला, अपफील्डला कोर्टात साक्ष द्यावी लागली आणि रोल्सला १९३२ मध्ये फाशी झाली. आता सांगा वाळवंट म्हणजे नुसतं वातावरण.

चौकोनी_चष्मा
हे भारी आहे. पण हा अपफील्डचा मुद्दा झाला, हिलरमनचा नाही. (चष्मा पुसतोय.)

फिरस्ता_७२
@राधाकाकू, पुरी नाही हो, मध्ये फुगून मऊ राहते, कडा कुरकुरीत. वर मध नाहीतर बीन्स. आणि न्यू मेक्सिकोत प्रत्येक हॉटेलात विचारतात 'रेड ऑर ग्रीन', म्हणजे लाल मिरची की हिरवी. भाजलेल्या हिरव्या मिरचीचा वास आला की आपल्या ठेच्याचीच आठवण, फक्त लसूण कमी.

शाकाहारी_प्रवासी
फिरस्तासाहेब, सासूबाईंना सांगितलंत का की तो ब्रेड परंपरेने डुकराच्या चरबीत तळतात? लोक न विचारता खातात आणि मग इथे येऊन भटुरा भटुरा करतात.

फिरस्ता_७२
सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. तुम्ही हे त्यांना सांगायला गेलात तर मी तुमच्या घरी शेगडी घेऊन येईन. विचारलं होतं, तेलातला होता.

शाकाहारी_प्रवासी
तेलातला होता असं तुम्हाला *सांगितलं* गेलं.

राधाकाकू
अहो भांडू नका, पीठ कसं भिजवतात ते सांगा.

नकाशा_उलटा
फ्राय ब्रेडला भटुरा म्हणून गंमत करताय ते मला खटकतंय, स्पष्टच बोलतो. १८६४ साली अमेरिकन सैन्याने नावाहोंची शेतं जाळली, कॅन्यन डी शेईमधली पीचची झाडं तोडली आणि हजारो लोकांना तीनशे मैलांहून जास्त पायी चालवत बोस्के रेडोंडोच्या छावणीत नेऊन डांबलं. तिथे पीक नाही, पाणी खारं. सरकारने रेशन दिलं मैदा, चरबी, साखर. त्यातून जे बनलं ते हे. १८६८ च्या तहानंतर परत आले तेव्हा पदार्थ बरोबर आला. काही नावाहो घरांत तो अभिमानाचा पदार्थ आहे आणि काहींना तो डोळ्यासमोरही नको. मधुमेहाचं काय झालंय तिथे ते वेगळंच.

फिरस्ता_७२
बरं. हे माहीत नव्हतं. गॅलपच्या दुकानात कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही म्हणा.

वाळूतली_मांजर
नकाशा_उलटा, अगदी! आणि आता मूळ धाग्यावर येते, कारण हेच रस्त्यालाही लागू आहे. चष्मासाहेब, ६६ म्हणजे चुंबक नाही. गॅलपजवळ आधी रेल्वे आली. तिला सरकारने रुळांच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक चौकोन जमीन दिली, म्हणून तिथे नकाशा बुद्धिबळाच्या पटासारखा दिसतो: हा तुकडा नावाहोंचा, पुढचा खासगी, त्यापुढचा सरकारी. ६६ त्याच रुळांना धरून गेला. आता प्रेत कुठल्या चौकोनात पडलं यावर ठरतं की केस काउंटीच्या शेरीफची की नावाहो पोलिसांची. आणि रिझर्व्हेशनवर, म्हणजे नावाहोंच्या राखीव प्रदेशात, खून म्हटला की १८८५ च्या कायद्याने तो एफबीआयकडे जातो. म्हणजे लीपहॉर्न आणि त्याचा तरुण सहकारी ची ज्या खुनांमागे धावतात ते बहुतेक वेळा त्यांचे नसतातच! आपल्याकडे दोन पोलिस ठाणी हद्दीवरून 'आमच्यात येत नाही' म्हणतात ना, तसं, पण सत्तर हजार चौरस किलोमीटरवर. गॅलपवरून शिपरॉककडे जो फाटा जातो तो ६६ चा सहावा फाटा म्हणून नंबर ६६६. लोक घाबरायचे, पाट्या चोरायचे, शेवटी २००३ मध्ये ४९१ केला. हिलरमनच्या पुस्तकांत माणसं सारखी त्या रस्त्यावर असतात. नॉस्टॅल्जिया कुठे आहे यात?

चौकोनी_चष्मा
हद्दीचा मुद्दा मी विमानात वाचताना सोडून दिला होता, कबूल. एफबीआयवाले सारखे मूर्ख का दाखवलेत असं वाटायचं. तरी खुनी निम्म्यात ओळखू येतो हे माझं मत कायम आहे, त्यावर तुम्ही दोन हजार शब्दांत एक अक्षर बोलला नाहीत.

वाळूतली_मांजर
कारण ते खरं आहे. कधीकधी. तिसऱ्या भागानंतर मलाही कळतो. पण मला खुनी कळला तरी लीपहॉर्नला तो कसा कळणार हे कळत नाही, त्यासाठी वाचते. आणि हिलरमनच्या लेकीने, अ‍ॅनने, २०१३ पासून पुस्तकांची मालिका पुढे चालवलीय, त्यात पोलिसबाई बर्नी मॅन्युएलिटो मुख्य आहे, ती वाचा, तिथे तुमचा चष्मा घसरेल.

कुडाळकर
लेकीने चालवलेलं दुकान आम्हाला चालत नाही. (विनोद.) पहिलं कुठलं घेऊ, १९७० वालं?

वाळूतली_मांजर
त्याच्यापासून नको, हात बसायचाय अजून. चीपासून नाही, लीपहॉर्नपासून सुरू कर, एडगर मिळालेलं घे.

चौकोनी_चष्मा
बघा! 'हात बसायचाय' म्हणे. माझ्या पहिल्या पोस्टमध्ये मी दुसरं काय म्हणत होतो? पुढच्या महिन्यात न्यूअर्कची फ्लाइट आहे, एक घेतो बरोबर. सोळा तास आहेत, झोप आली तर दोष तुमचा.

राधाकाकू
अख्खा धागा वाचला. पिठात सोडा की यीस्ट हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

नकाशा_उलटा
बेकिंग पावडर, काकू. कोमट पाणी. फार मळू नका.